बाळंतिणीच्या खोलीतला हीटर

मित्रांनो, सिडनीच्या टूनगॅबीत, काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, भंगारगाडीची वाट बघत पदपथावर पडलेला मी एक जुना गॅस हीटर. नाक मुरडू नका, आधी ऐकून तर घ्या.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा काय तोरा होता! बटण दाबलं की निळी ज्योत, आणि बघता बघता अख्खी खोली उबदार. मला धुराडं मात्र नाही. जळालेली हवा मी त्याच खोलीत सोडतो. म्हणून मी चालू असताना खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते आणि दरवर्षी मला आतून साफ करावं लागतं. घरमालकाने सुरुवातीला माझे लाड केले, मग माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या पोटात धूळ साचत गेली.

पुढे यतीन आणि यामिनी हे पुण्याचं जोडपं तिथे भाड्याने राहायला आलं. यतीन काउन्सिलमध्ये इंजिनिअर. हवामान बिघडू नये म्हणून घराघरांतले गॅस हीटर काढायचे आणि विजेवरचे बसवायचे, कुठल्या रस्त्यावर कधी, याची आखणी तो करायचा. घरून काम सुरू झाल्यावर तर माझ्या मरणाची तयारी शेजारच्याच खोलीत होऊ लागली! मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

२०२१च्या हिवाळ्यात लॉकडाऊन लागला आणि त्याच दिवसांत यामिनीला मुलगी झाली. देशाच्या सीमा बंद, त्यामुळे तिच्या आईला, विमलताईंना, येता आलं नाही. त्या पुण्यातून व्हिडिओ कॉलवर बाळंतपण करत होत्या.

"खिडक्या घट्ट लावून घे गं. ओल्या बाळंतिणीला वारं बाधतं. शेगडी नाही ना तिथे? मग तो हीटर लाव."

यामिनीने खिडक्या लावल्या, भिंतीतल्या झरोक्यात टॉवेल कोंबला. ओव्याची पुरचुंडी माझ्यावर गरम करून ती बाळाला शेकायची. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता. मी अगदी सुखावलो.

मग तिचं डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं. दोघांच्या मनात एकच भीती, कोविडची. कारच्या काचा उघड्या ठेवून ती टेस्ट देऊन आली.

"बाहेर बरं वाटत होतं रे," ती म्हणाली.

"फ्रेश एअरने वाटतंच. पण रिझल्ट येईपर्यंत आयसोलेट कर, प्लीज."

बाळ अंगावर पिणारं, म्हणून त्याला घेऊन तिने माझ्या खोलीचं दारही लावून घेतलं. यतीन जेवणाचं ताट दाराशी ठेवून कामाला बसला. ऑफिसातल्या केतनचा फोन चालू होता.

"केतन, होम व्हिझिट्स नेक्स्ट विंटरला ढकलू या. लॉकडाऊनमध्ये लोकांच्या घरात शिरून जुने हीटर कसे चेक करणार?"

"नो वरीज. एका विंटरने काय फरक पडतोय?"

मी जळत होतो. त्या कोंडलेल्या खोलीत माझ्यातून विषारी वायू सुटत होता. त्याला रंग नसतो, वास नसतो. आणि ओरडायला मला तोंड नाही.

दुपारी यतीनच्या फोनवर रिझल्ट आला. तो धावतच दाराशी गेला. "यामू, निगेटिव्ह! ऐकलंस का?"

आतून उत्तर आलं नाही. त्याने दार ढकललं.

यामिनी वाचली. बाळ वाचलं नाही. बारसंही व्हायचं होतं. वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नर्सने बाळाचं नाव विचारलं, तेव्हा ते यतीनने पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं. "उर्वी."

यतीनने होम व्हिझिट्स त्याच हिवाळ्यात सुरू करायला लावल्या, तान्ही बाळं असलेल्या घरांपासून. मला मात्र तो एकदाही काही बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मित्रांनो, माझी जात संपतेय, संपू दे. पण ती संपेपर्यंत माझ्या भाऊबंदांना दरवर्षी साफ करून घ्या.

विमलताईंना त्या वायूचं कुणी सांगितलेलंच नाही. त्या अजून कॉलवर रडत विचारतात, "खिडकी उघडी राहिली होती का गं? वारं लागलं का बाळाला?"

"हो, आई," यामिनी म्हणते.

ती उघडी नव्हती, मित्रांनो. तुम्ही उघडी ठेवा.