फुगडीची कॅसेट

"अहो, ते फूं फूं बंद करा! आवाज फाटतोय," काचेपलीकडून ध्वनिमुद्रक निलेश ओरडला, तेही पाचव्यांदा.

नार्व्याहून पणजीला आणलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सत्यवतीमावशी मात्र हसली नाही. "फुगडी घालताना फूं करूचा नाय, तर स्वास खंय सोडूचो रे, पुता?"

गौरवीला या प्रश्नाचं मोठं नवल वाटलं. जन्मभर फुगड्या घातल्या, पण हे कधी मनात आलं नव्हतं. दूरदर्शनच्या मालिकेत ती सुनांना छळणारी खाष्ट सासू करायची. गोवा राज्य झालं त्या वर्षी मालिका सुरू झाली, आणि तेव्हापासून डिचोलीच्या बसमध्ये कंडक्टरसुद्धा तिला घाबरून जागा देई. त्या चेहऱ्याच्या जोरावर मुंबईच्या एका कंपनीनं तिच्या गाण्याच्या दोन कॅसेटी काढल्या. बऱ्या खपल्याही. पण लोक गाणं नव्हे, कव्हरवरची सासू विकत घेतात, हे तिला कळून चुकलं होतं. या तिसरीत तिला मावशीचा आवाज हवा होता. आई गेल्यावर मावशीनंच तिला वाढवलं होतं, फुगडीही शिकवली होती.

पण फूं गाळलं की बायकांचा ताल चुके. ताल सापडला की पाय उचलत आणि लाकडी जमीन दणाणे. निलेशनं कळवल्यावर दुपारी कंपनीचा फोन आला: स्टुडिओ उद्यापर्यंतच आहे, कोरसला मुंबईच्या मुली पाठवतो. गौरवी 'बरं' म्हणाली. मालिकेत रोज भांडणाऱ्या बाईला तिथं भांडता आलं नाही. मावशीसकट सगळ्या बायका चारच्या बसनं परत गेल्या.

गणपतीच्या चवथीला ती कॅसेट घेऊन नार्व्याला आली. मावशीच्या ओसरीवर टेप लागला. शेजारणी जमल्या, कव्हरवरच्या नथीची चर्चा रंगली. मावशी मात्र डोळे मिटून दोन्ही बाजू ऐकत राहिली. परीक्षेला बसल्यासारखी गौरवी तिच्या तोंडाकडे बघत होती.

"बरां गायलंस गो," मावशी शेवटी म्हणाली. आणि मग, रागानं नव्हे, नुसत्या कुतूहलानं तिनं विचारलं, "पण तुझ्या मागची ती चेडवां... जाग्यार उबीच होती काय गो?"

 मुंबईच्या त्या मुलींना तर बसायला खुर्च्या दिल्या होत्या.