शेंदराखालचा नंबर

मोटार वाहन निरीक्षक शीला मॅडमनी जीपच्या चॅसिसवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, कागद धरला आणि पेन्सिल आडवी फिरवली. कागद नुसताच काळा झाला. एकही आकडा उमटला नाही.

"नंबर कुठंय?"

ऋतुराजनं डॅशबोर्डखालची पत्र्याची पट्टी दाखवली.

"पट्टी काय, स्क्रूनं कुठलीही बसते. चॅसिसवर कोरलेला नंबर नोंदणी-पुस्तकाशी जुळला, तरच पाटीवरचा जुना ४१७ ठेवता येईल. नाहीतर नवा घ्या."

करमाड गावात साठ वर्षं या जीपला कुणी जीप म्हटलं नव्हतं. अडलेली बाळंतीण असो की साप चावलेला गडी, 'चारशे सतराला बोलवा' एवढंच म्हणत. दोन वर्षं खपून ऋतुराजनं ती पुन्हा उभी केली होती. पण चॅसिसचं पुढचं तडकलेलं टोक कापून नवं जोडलं, तेव्हा त्यावरच्या शेंदराच्या पुटांखाली काय आहे, ते पाहिलंच नव्हतं.

वेल्डर शिवशंकर त्याच्या कानाशी आला. "आकड्यांचे पंच हायेत माझ्याकडं. मॅडमचा चहा होईस्तोवर पुस्तकातला नंबर ठोकतो."

ऋतुराजनं एकदा कोऱ्या टोकाकडं पाहिलं, मग नकारार्थी मान हलवली. तो मॅडमकडं वळला. "ते टोक मीच कापलं. भंगारात गेलं असेल."

"भंगारात?" सांडूकाका बाजेवरून उठले. दर दसऱ्याला त्या टोकाला तेल-शेंदूर तेच लावायचे. "शेंदूर लागलेलं लोखंड भंगारात घालतेत व्हय रं? बांधावर म्हसोबापाशी ठिवलंय."

तुकडा आणला; डिझेलच्या फडक्यानं पुटं निघाली. खाली आकडे होते, गंज न लागलेले.

"हातातला तुकडा मी तपासत नाही," मॅडम म्हणाल्या. "गाडीवर दाखवा. चारपर्यंत थांबते."

ऋतुराजनं आपलं गुळगुळीत नवं टोक ग्राइंडरनं कापून काढलं. जुन्या टोकाचा सांधायचा तडा शेवटच्या आकड्यापासून बोटभर अंतरावर होता. आचेनं तो आकडा वितळून बसला, की सगळं गेलं. ऋतुराज आकड्यांवर ओलं पोतं दाबून बसला. शिवशंकर थोडं जोडी, थांबे, पुन्हा जोडी.

"हात हालला तर माझ्या नावानं बोंबलू नको," तो म्हणाला.

चारला दहा कमी असताना पेन्सिल फिरली. आकडे एकेक करून वर आले. शेवटचा पुसट होता. मॅडमनी चष्मा पुसला, पुन्हा पेन्सिल फिरवली.

"आठ," त्या म्हणाल्या. पुस्तकातही आठच होता.

शेऱ्यात त्यांनी लिहिलं: मूळ टोक कापून पुन्हा जोडले आहे. नंबर जुळतो. जुना क्रमांक कायम ठेवावा.

सांडूकाका शेंदराची वाटी घेऊन खाली वाकले.

"थांबा काका," मॅडम म्हणाल्या, "आधी नंबरचा फोटो."