चार नंबरची खिडकी

"ह्या परत घेता का, काका?" काचेखालच्या फटीतून त्या बाईने गोळ्यांची सात पाकिटं आत सरकवली. "सासूबाईंच्या आहेत. एकही फोडलेलं नाही. कुणा गरजूला द्या."

"का हो ताई? बदलून दिल्या का डॉक्टरांनी?"

"नाही. सासूबाई गेल्या. चार महिने झाले."

औषधांच्या चार नंबरच्या खिडकीमागे बसलेला माणूस हसला. त्या इस्पितळात त्याला सगळे सेमकाका म्हणत. महागड्या कंपनीच्या नारंगी डबीऐवजी साध्या पांढऱ्या गोळ्या हातात पडल्या की कॅन्सरचा पेशंट हबकायचा, आणि हे म्हणायचे, "नाव वेगळं, डबी वेगळी, आतलं औषध सेम. अगदी सेम!" एकवीस वर्षं हेच. झोपेतसुद्धा हेच. एका रात्री कितीदा म्हणतात ते बायको मोजायला बसली, तर तिलाच झोप लागली.

"काहीतरी गफलत होतेय, ताई. हिरवा स्कार्फ, एका कानात कुडी, दुसरा कान रिकामा, त्याच ना? सोमवारीच तर गोळ्या घेऊन गेल्या माझ्याकडून."

सुनेच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "दुसरी कुडी इथेच रांगेत हरवली होती त्यांची," ती हळूच म्हणाली. "काका, मी स्वतः त्यांना शेवटची आंघोळ घातलीय."

"मग ह्या सात महिन्यांच्या गोळ्या... घेतल्या का नाहीत त्यांनी?"

"गादीखाली ठेवायच्या. आम्हाला नंतर सापडल्या. शेवटी शेवटी म्हणाल्या, गोळीवाल्याच्या पिशवीत नारंगी डबी बघितली मी. स्वतःच्या घरी नारंगी नेतो आणि आम्हाला पांढऱ्या देतो. मग कशाला घ्यायच्या?"

ती गेली. सेमकाकांनी ती सात पाकिटं खणात लोटली.

गोष्ट खरी होती. बायकोच्या छातीत गाठ निघाली, त्या दिवशी सेमकाकांचा सेमवरचा विश्वास उडाला होता. दर महिन्याला बाहेरच्या दुकानातून ते नारंगी डबी आणत आणि पिशवीत घालून पाठीमागच्या खिळ्याला टांगत. ह्याच आजीबाईंनी एकदा काचेला नाक लावून विचारलंही होतं, "खरं सांग बाबा, तुझ्या घरी कुणाला हा आजार असता तर कोणती नेली असतीस?"

"हीच, आजी. देवाशप्पथ!"

तेव्हा पिशवी डोक्यामागे लटकत होती, आणि तिचं तोंड उघडं होतं.

त्यांनी गोळ्यावाटपाची वही काढली. आजीबाईंच्या नावाच्या चार महिन्यांतल्या चारही नोंदी सेमकाकांच्याच अक्षरात होत्या. घेणाऱ्याच्या सहीच्या जागी मात्र चार ओलसर डाग. बोट लावलं तर गार. तीन महिन्यांपूर्वीचा डागही अजून वाळलेला नव्हता.

अर्धी रजा टाकून ते घरी आले. बायको उन्हात बसून उशीच्या अभ्र्याला बटणं लावत होती.

"आज लवकर? खिडकी पडली की काय तुमची?"

"अगं, ती डबी आण."

तिने कपाटातून नारंगी डबी आणून त्यांच्या हातावर पालथी केली. आतून पांढऱ्या गोळ्या पडल्या.

"ह्या कुणी घातल्या?"

"असं काय करता! तुम्हीच तर पाठवता. त्या आजी येतात ना महिन्याच्या महिन्याला. पहिल्यांदा आल्या तेव्हाच म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांनी सांगितलंय, आता ह्याच घ्यायच्या, सेम आहेत. डबीतल्या काढून नेतात आणि ह्या घालून जातात. मी म्हटलं, तुम्हीच रोज जगाला सांगता, मग खरंच असणार."

"कशा दिसतात?"

"हिरवा स्कार्फ. आणि एकच कुडी, बिचाऱ्यांची दुसरी कुठे पडलीय कोण जाणे. पाणी विचारलं तर म्हणाल्या, आता तहान लागत नाही गं." बायकोने दाताने दोरा तोडला. "अहो, असे घामाघूम का झालात? गेल्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले ना, गाठ निम्म्याहून आकसलीय? तुम्हीच तर पेढे... बरं, नका बोलू. बसा आधी."

सेमकाका बसले. चार महिने ज्या डबीला ते मनोमन हात जोडत होते, तिच्यात त्यांच्याच खिडकीवरच्या गोळ्या होत्या. एवढं सगळं बायकोला कसं सांगायचं ते त्यांना सुचेना. पण सांगितलं. पिशवीचंही, शपथेचंही, आजी गेल्याचंही. तिने सुईत नवा दोरा ओवला.

"त्या आजींना सांगा जाऊन," ती म्हणाली. "माझ्यापाशी कशाला?"

पुढच्या महिन्यातला आजीबाईंचा सोमवार आला. रांग नेहमीसारखीच होती. फक्त एका काठीवाल्या गृहस्थांपुढे माणसाएवढी जागा मोकळी होती. कुणी सांगितलं नव्हतं, तरी कुणी ती भरत नव्हतं, आणि कुणी कुरकुरतही नव्हतं. ती जागा सरकत सरकत काचेपाशी आली. काचेवर वाफ धरली.

सेमकाकांनी बायकोच्या नावाचं पांढऱ्या गोळ्यांचं पाकीट उचललं. वहीत नोंद केली, सहीच्या जागी स्वतः सही केली. मग पाकीट काचेजवळ नीट दिसेलसं धरलं.

"घरी हीच नेतोय, आजी," ते म्हणाले. शपथ घातली नाही.

आरपार दिसणाऱ्या पिशवीत त्यांनी ते टाकलं आणि पिशवी समोरच्या खिळ्याला टांगली.

काचेवरची वाफ हळूहळू विरली. काठीवाले गृहस्थ एक पाऊल पुढे आले.