वकिलाचा भिडू

"गवंड्या, भिंत बांधताना तरी डोकं वापरतोस का रे, की तिथंही विटाच विचार करतात?" वकिलाने पत्ते पोत्यावर आपटले आणि दुपारचा डाव मोडला.

वकील हे त्याचं नाव नव्हे आणि कामही नव्हे. कोर्टाची पायरी तो जन्मात चढला नव्हता. पण चूक आपली असली तरी ती दुसऱ्याच्या गळ्यात कशी बांधावी, यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता, म्हणून लोकांनी नाव ठेवलं आणि त्याने ते मानाने मिरवलं. समोर बसलेला गवंडी त्याचा एकतीस वर्षांचा भिडू. काळा, आडवा, कमी बोलणारा माणूस. त्याने पत्ते गोळा केले आणि कडा सारख्या केल्या. तो नेहमीच गप्प राही. वकिलाला वाटे, बोलायला तोंड कुठं आहे याला.

"मी सांगतो, उद्या मी याच्याबरोबर बसणार नाही," वकील म्हणाला. "उद्या मळणीचा डाव आहे. गिरणीवाल्या, तू माझ्यासमोर ये. हा बसू दे शिंप्याबरोबर. दगडाला धोंडा भेटेल."

शिंपी नुसता हसला. गिरणीवाल्याने मिशीवरचं पीठ झटकलं आणि मान डोलावली. बावन्न पत्ते कोणाकोणाच्या हातून कधी पडले हे त्याला तोंडपाठ असतं, असा त्याचा लौकिक होता. तो लौकिक बहुतेक त्यानेच पसरवला होता.

मळणीच्या डावाची गोष्ट अशी, की मळणीचं यंत्र या चौघांनी मिळून घेतलं होतं. पहिल्याच वर्षी आधी कोणाचा गहू काढायचा यावरून अशी जुंपली, की शिंप्याचा पुढचा दात गेला. तेव्हापासून ठरलं, की भांडायचं नाही, पत्ते खेळायचे. पाच डाव, तीन जिंकेल त्या जोडीची मळणी पहिल्या दिवशी, हरलेल्यांची दुसऱ्या. एरवी एका दिवसाने काही बिघडत नसे. पण यंदा गहू कापून गंजी उघड्यावर रचलेल्या, आणि पश्चिमेला तीन दिवस आभाळ करपल्या तव्यासारखं काळं होऊन बसलेलं. वारा उलटा फिरला होता. पहिल्या दिवशी ज्याचा दाणा घरात येईल तो सुटला, दुसऱ्या दिवसाचा भरवसा कोणी देत नव्हतं.

घरी वकिलाच्या बायकोने ऐकलं आणि हातातली परात खाली ठेवली. गहू तिने कापला होता. वकिलाने बांधावर उभं राहून कापणी कशी करावी ते सांगितलं होतं.

"एकतीस वर्षं ज्याच्या जोरावर जिंकलात, त्यालाच सोडलंत?" ती म्हणाली.

"त्याच्या जोरावर? अगं, मी त्याला ओढत नेलाय. ओझं होतं ते माझ्या डोक्यावर."

"मग उद्या हलके होऊन बघा," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या ओसरीत चौघं बसले. पट्टा बंद, पिठाचा वास, मध्ये पालथी घातलेली पेटी. पहिला डाव वकिलाच्या जोडीने मारला. वकिलाने मांडी बदलली आणि गवंड्याकडे असं पाहिलं, की बघ, भिडू म्हणजे काय असतो. दुसरा गेला. त्या डावात गिरणीवाल्याने आपला राजा दाबून ठेवला आणि वकील त्याच्यावर तुटून पडला.

"तुझ्या बापाने गिरणी काढली ती बरी केली. खेळायला बसला असता तर घर विकलं असतं."

गिरणीवाल्याचा चेहरा उतरला. "बापाचं काढायचं काम नाही, वकील. माझा हिशोब होता त्यात."

तो घुश्शातच पुढचं पान टाकून बसला, आणि गवंड्याने पुढची उतारी दुसऱ्याच रंगाची केली. वकिलाच्या हातातला हुकमाचा एक्का शेवटी एका भिकार पानावर वाया गेला. हा निव्वळ योगायोग, असं वकिलाला वाटलं. अडाणी माणसाला कधीकधी लागतं असं.

तिसऱ्या डावात वकिलाच्या हाती सगळी तिर्री-चव्वीची जत्रा आली. तो मोठ्या मनाने म्हणाला, "निवांत खेळ, गिरणीवाल्या. घाई कसली आहे? आपण मित्र माणसं." गवंड्याने मान वर केली, आणि त्या डावात त्याने असे काही बिनधास्त हात मारले, की जणू वकिलाच्या जागी कोणी बसलंच नव्हतं. तोही डाव गेला. चौथा गिरणीवाल्याला चार मोठी पानं एकदम आल्यामुळे कसाबसा निघाला. दोन-दोन झाले. बाहेर वाऱ्याने रस्त्यावरचा पाला उडवला, आणि चौघांनीही एकदमच आभाळाकडे बघितलं.

पाचव्या डावात हुकूम इस्पिक. दोन-दोन पानं उरली तेव्हा वकिलाच्या जोडीचे सहा हात झाले होते, समोरच्यांचे पाच. एक हात मिळाला की वकिलाचा गहू घरात. त्याच्याकडे हुकमाची राणी होती आणि हुकमाची चव्वी. हुकमाचा राजा केव्हाच पडून गेला होता. राणी कोणाकडे आहे, हे बाकी कोणालाच माहीत नव्हतं.

शिंप्याने हुकमाची दुर्री टाकली. वकिलाने निर्विकार तोंडाने चव्वी सोडली, पण त्याची जीभ कुठली गप्प बसायला. गेल्या हाताचा राग होताच. तो गिरणीवाल्याला म्हणाला, "अक्कल पिठाबरोबर दळून टाकलीस का रे? मघाशी कापायचं होतं, कापलं नाहीस. एवढंसं डोक्यात शिरत नाही?"

गवंड्याच्या हातात हुकमाचा एक्का आणि गुलाम होता. राणी गिरणीवाल्याकडे एकटी असेल तर एक्काच टाकायला हवा. वकिलाकडे असेल तर गुलाम. गवंडी क्षणभर थांबला, वकिलाच्या तोंडाकडे नव्हे, खाली पेटीकडे बघत. मग त्याने गुलाम ठेवला.

गिरणीवाल्याने चौकटचं कसलंसं पान टाकलं. गुलामाने हात मारला. नंतर एक्का आला, आणि वकिलाची राणी त्याच्यापुढे मुकाट्याने पडली. सात हात. मळणी गवंड्याची आणि शिंप्याची.

"तुझ्यासारख्या..." वकील गिरणीवाल्यावर उलटला.

"मी काय तुमचा गवंडी आहे, ऐकून घ्यायला?" गिरणीवाल्याने पट्ट्याचा खटका दाबला. गिरणी धडधडायला लागली आणि सगळे ओसरीतून बाहेर आले.

वकिलाने रस्त्यात गवंड्याला गाठलं. "राणी माझ्याकडे आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"तूच."

"मी?"

"एकतीस वर्षं सांगतोयस." गवंडी चालता चालता बोलत होता, विटा मोजाव्या तसा. "राणी हातात असली की तू समोरच्याच्या अकलेवर येतोस. एक्का असला की बापावर. काहीच नसलं की गोड बोलतोस. मी त्यावरच खेळत आलो."

वकील जागीच उभा राहिला. एकतीस वर्षांतले जिंकलेले डाव त्याच्यासमोरून एकेक करून गेले. ते त्याने आपल्या बुद्धीच्या खात्यावर ठेवले होते.

"मग कधी बोलला का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू सांभाळून बोलला असतास. मग मला पानं कशी कळली असती?" गवंड्याने एकदा आभाळाकडे पाहिलं. "बापाचं काढायचास तेव्हा वाईट वाटायचं. पण एक्का कळायचा."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गवंड्याचा गहू घरात गेला. शिंप्याचा निघत होता तेव्हा आभाळ खाली आलं. वकील आणि त्याची बायको गंजीवर जुनी ताडपत्री ओढत होते. ती मध्ये फाटलेली होती आणि वाऱ्याने वकिलाच्याच तोंडावर येत होती. बायको एक शब्द बोलत नव्हती, आणि वकिलाला तेच सोसत नव्हतं. तेवढ्यात बांधावरून गवंडी आला. खांद्यावर त्याची स्वतःची ताडपत्री, नवी, घट्ट गुंडाळलेली. त्याने न विचारता ती गंजीवर फेकली आणि दोर बांधायला बसला.

वकिलाच्या जिभेवर सवयीने एक टोमणा आला. इतक्या उशिरा का सुचली अक्कल, असलं काहीतरी. तो त्याने गिळला. दुसरा आला, तोही गिळला. यातलं काय काढलं तर काय कळेल, याचा त्याला आता पत्ता नव्हता. शेवटी तो म्हणाला, "ये, ये. दमला असशील. बस जरा, पाणी आणू का?"

वकिलाची बायको हातातला दोर तसाच धरून नवऱ्याकडे बघत राहिली.

गवंड्याने गाठ आवळली आणि मान वर न करता म्हणाला, "वहिनी, दोर घट्ट धरा. आज याच्या हातात एकही पान नाही."