फुंकर

कुमुदताईंना माहेर आठवायचं ते वासावरून. निफाडकडच्या द्राक्षबागेत फवारणी करून वडील घरी येत, तेव्हा त्यांच्या सदऱ्याला एक कडसर, डोक्यात जाणारा वास असे. मुलांना तो आवडायचा. दूर परक्या शहरात, मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये सगळा संसार झाला, तरी जिन्यात कुणी झुरळांचं औषध मारलं की त्या क्षणभर थांबत आणि माहेरचं अंगण डोळ्यांपुढे उभं राही.

धाकटा भाऊ गुणवंत दिवाळीनंतर त्यांच्याकडे आला, तो तपासणीसाठी. हिरड्यांतून रक्त येई, चार पायऱ्यांत धाप लागे. इथल्या डॉक्टरांनी हाडातला मगज तपासला. रक्त तयार करणाऱ्या पेशीच बिघडल्यात, म्हणाले. मग विचारलं, "फवारणी करता? हातमोजे, मास्क?" गुणवंत हसला होता. "त्यानेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण होऊ शकतं."

त्यातलं पहिलं वाक्य गुणवंतने घट्ट धरलं.

"सांगता येत नाही म्हणाले ना, ताई? मग!"

"अंकुरला काय सांगितलंस?"

"अशक्तपणा. त्याच्या कानावर घालू नकोस. पोराचं मन आधीच शहराकडे. हे कळलं तर बाग टाकून निघेल. लेकरासारख्या वाढवल्यात त्या वेली मी."

"आणि लेकरू?"

गुणवंत खिडकीबाहेरच्या धुरकट उन्हाकडे बघत राहिला.

कुमुदताईंची नात देवयानी कॉलेजात पेशींचाच अभ्यास करत होती. तिने गुणवंतच्या गालाच्या आतून काडी फिरवून नमुना नेला होता. "घे बाई, गालच तेवढे उरलेत," म्हणून त्याने आ केला होता. आज ती मोबाइलवर फोटो घेऊन त्याच्याशेजारी बसली.

"मामाआजोबा, प्रत्येक पेशीत हा एक गोल ठिपका असतो. आता ही बघा तुमची. बाजूला अजून एक छोटा आहे ना? तो त्यातूनच तुटलेला तुकडा, पेशीला इजा झाली की पडतो. थोडे सगळ्यांकडेच असतात, अच्छा? तुमच्याकडे जास्त दिसतायत."

"चंद्राला पिल्लू झालंय," गुणवंत म्हणाला. कुणी हसलं नाही.

"गालातच का गं?" कुमुदताईंनी विचारलं.

"गालातच असं नाही, आजी. गालातलं सहज काढता येतं, बस."

कुमुदताईंना मात्र वेगळंच आठवलं. फवारणीच्या पंपाचं नोझल तुंबलं की वडील खिशातली बारीक तार काढून बसत. वेळ जाई, ऊन चढे. एकदा गुणवंतने, मिसरूडही फुटलेलं नव्हतं तेव्हा, नोझल सरळ ओठांत धरून फुंकलं. फवारा मोकळा झाला. वडिलांनी पाठ थोपटली, आणि बांधावर बसलेल्या कुमुदने टाळ्या वाजवल्या. तार पुढे कुणी शोधलीच नाही.

तेवढ्यात गुणवंतच्या फोनवर अंकुरचा व्हिडिओ कॉल आला. मागे हिरवीगार बाग, पाठीवर पंप.

"अण्णा, कसं वाटतंय? आत्या जेवायला घालते ना? ढगाळ झालंय इकडे, म्हटलं आजच औषध मारून घ्यावं. ट्रॅक्टर पोचत नाही ना त्या कोपऱ्यात... थांबा, हे परत तुंबलं."

फोन त्याने वेलीच्या तारेला अडकवला. नोझल काढलं, शर्टाला पुसल्यासारखं केलं आणि ओठांत धरलं.

"थुंक!" गुणवंत ओरडला. "थुंक ते आधी! अंकुर!"

अंकुर दचकला. "काय झालं? तुम्हीच तर असं करता."

कुमुदताईंनी गुणवंतच्या पाठीवर हात ठेवला. सदऱ्याखाली पाठीचा कणा मण्यांसारखा लागत होता.

"अशक्तपणा नाहीये, बाळा," तो अखेर म्हणाला. "रक्ताचं दुखणं आहे, पेशीच बिघडल्यात. या औषधाने झालं असेल. नसेलही. पण असेल. तू ते तोंडात घेऊ नकोस. बाग राहू दे, नाही तर जाऊ दे."

अंकुरने हातातलं नोझल खाली ठेवलं.

"अण्णा," अंकुर हळूच म्हणाला, "मग माझ्या पेशी कशा असतील?"

देवयानीने फोटो असलेला आपला मोबाइल पालथा घातला.

"तोंड धू," गुणवंत म्हणाला. "साबणाने धू."

अंकुर पाइपकडे वाकला, खळखळून चूळ भरली.

"अजून एकदा."

त्याने पुन्हा भरली. मग रेंज गेली, चित्र थिजलं. गुणवंत त्या थिजलेल्या वाकलेल्या पाठीला सांगत राहिला, "अजून एकदा धू, बाळा. अजून एकदा."