देवयानीचं प्री-मेडिकल वर्ष

ए-लेव्हलला, म्हणजे इंग्लंडमधल्या बारावीला, देवयानीने इतिहास, फ्रेंच आणि इंग्लिश घेतलं होतं आणि तिन्हींत तिला ए मिळाला होता. पण त्याच उन्हाळ्यात बाबांची बायपास झाली. वॉर्डबाहेर आईशेजारी बसून तिने ठरवलं, आपण डॉक्टर व्हायचं. सायन्स न घेतलेल्या मुलांसाठी एका युनिव्हर्सिटीत प्री-मेडिकल वर्ष होतं. २००५च्या ऑक्टोबरमध्ये लेस्टरचं घर सोडून ती तिथे दाखल झाली.

बाकीची मुलं दोन वर्षांत शिकतात ते इथे एका वर्षात शिकायचं होतं. पुढे मेडिसिनला जायचं तर प्रत्येक विषयात सत्तर टक्के हवेत, हे पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. देवयानीने शाळेत करायची तेच केलं. नोट्स काढल्या, रंगीत पेनांनी रेघा मारल्या, सगळं पाठ केलं. जानेवारीत केमिस्ट्रीच्या पेपरातले शब्द सगळे ओळखीचे होते, पण गणितं सुटेनात. बावन्न मिळाले.

"तू वाचतेस खूप, पण सोडवत नाहीस," तिचे ट्यूटर डॉ. हॅमंड म्हणाले. "रिअ‍ॅक्शन होते हे तुला माहीत आहे. का होते, ते सांगता येत नाही. आता उन्हाळ्यात नव्वदच्या आसपास लागतील."

घरी फोनवर तिने "ठीक गेलं" एवढंच सांगितलं.

महिन्याअखेरीस ती घरी आली, तेव्हा आई तिला प्रमोदिनीकाकूंकडे हळदीकुंकवाला घेऊन गेली. काकूंनी तिळगूळ दिला आणि गुडघा पुढे केला. "डॉक्टरीणबाई, बघा जरा. जिना चढवत नाही."

सगळ्या बायका हसल्या. आईही कौतुकाने हसली. देवयानी त्या गुडघ्याकडे बघत राहिली आणि एकदम रडायला लागली.

"मी फेल झाला, आई," ती म्हणाली. "मला काहीच येत नाही."

तिचं मराठी चुकलं की तिची आई, मंजिरी, लगेच सुधारायची. आज तिने फक्त दोघींचे कोट उचलले.

गाडीत बसल्यावर मंजिरीने विचारलं, "सोडून द्यायचंय?"

"नाही."

"मग रडून घे. घरी गेल्यावर बाबांना तूच सांग."

तिने सांगितलं. बाबा म्हणाले, "माझ्यासाठी करत असशील, तर नको करू."

"आता फक्त तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली.

ती परत गेली. रंगीत पेनं बाजूला ठेवून रोज डॉ. हॅमंडांकडे अर्धवट सोडवलेली गणितं न्यायला लागली. चुकायची, लाजायची, पुन्हा न्यायची. हळूहळू रिअ‍ॅक्शन का होते ते तिला दिसायला लागलं. ईस्टरला ती घरी आलीच नाही. केस गळत होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने आईला फोन केला आणि काहीही न बोलता नुसता कानाला धरून ठेवला. मंजिरीही पलीकडे धरून बसली.

जूनच्या पेपरात तिला शहाऐंशी मिळाले. जानेवारी आणि जून मिळून केमिस्ट्रीची सरासरी एकोणसत्तर.

डॉ. हॅमंड तिच्यासाठी वर भांडून आले. नियम बदलला नाही. बायोकेमिस्ट्रीच्या डिग्रीला जागा मिळाली, ती तिने घेतली.

ऑक्टोबरमध्ये पहिल्या लेक्चरला जाताना समोरून तिच्याच गेल्या वर्षीच्या वर्गातली मुलं अ‍ॅनाटॉमीच्या इमारतीकडे निघाली होती, हातात नवे पांढरे कोट. एकाने हात हलवला. देवयानीनेही हलवला, आणि ती सगळी आत जाईपर्यंत तिथेच उभी राहिली. मग डोळे पुसून उशिराच वर्गात शिरली.