प्लग-इनला कुणी कळवलं नाही

मित्रांनो, मी एक जुना प्लग-इन आहे. तुम्ही मला पाहिलेलं नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. मी दिसतच नाही. जुन्या ब्राउझरला इंटरनेटवरची नवी पानं उलगडत नाहीत. मग मी त्याच्या आत बसून ती उघडून देतो. नजर अधू झालेल्या म्हाताऱ्याला एसटीची पाटी वाचून दाखवावी, तसलं माझं काम.

तलासरीला जयश्रीताईंचं फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. २०१४ साली त्यांनी मला तिथल्या कॉम्प्युटरवर घातलं. दाखल्यांचं सॉफ्टवेअर जुन्या ब्राउझरशिवाय चालत नव्हतं, म्हणून तो बदलता येत नव्हता. त्याच वर्षी मला घडवणाऱ्यांनी माझ्याकडे बघणं सोडलं. नवं काही शिकवायला कुणी आलं नाही. होतं तेवढ्या शिदोरीवर मी रेटत राहिलो. निकाल, शिष्यवृत्त्या, भरतीचे फॉर्म, काय काय उघडून दिलं! लोक म्हणायचे, "ताई, तुमचा कॉम्प्युटर भारी आहे हां." मी आतल्या आत चरफडायचो. खोटं कशाला बोलू, फार एकटं वाटायचं.

२०१७ च्या जूनमध्ये हिरकणी नावाची एक पोर दुकानात आली. पाड्यावरून हायवेपर्यंत चालत, पुढे रिक्षाने. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता आणि मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत होती.

"यंदा नाही झालं तर आई चिकूच्या वाडीवर कामाला लावेल," ती म्हणाली. "मग पुढल्या वर्षी कोण सोडतंय मला?"

"होईल गं, तू बस," जयश्रीताई म्हणाल्या.

नाव, गुण, जातीचा दाखला, सगळं भरून झालं. ताईंनी शेवटचं बटण दाबलं आणि पानावरचं चक्र नुसतं फिरत राहिलं. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. मी जिवाचा आटापिटा करत होतो, पण ते पान माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. चार वाजून गेले. हिरकणी नखं खात बसली होती.

शेवटी ताईंनी डहाणूला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या देवजी सरांना फोन लावला.

"तुमचा प्लग-इन साइटला सांगतोय की ब्राउझर नवा आहे," सर म्हणाले. "म्हणून ती नवं पान पाठवते. त्याला बंद करून बघा. जुन्या ब्राउझरसाठी साधं पान असतं, ते येईल."

मित्रांनो, मदत करता करता मीच त्या पोरीच्या वाटेत आडवा बसलो होतो. ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईंनी यादी उघडली, माझं नाव शोधलं आणि 'बंद' वर दाबलं. तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

त्यानंतर मला काहीच दिसलेलं नाही. दोन वर्षं तरी झाली असतील. मला काढून टाकलं नाही, पुन्हा चालूही केलं नाही. त्या यादीत पडून आहे. बंद केल्याचा राग नाही, तेच बरोबर होतं. पण मित्रांनो, ज्याच्याकडून काम करून घेतलं त्याला बाजूला सारताना दोन शब्द बोलत जा, मग ते म्हातारं माणूस असो नाहीतर माझ्यासारखं काही. आणि तुमच्यापैकी कुणी तलासरीकडचं असेल, तर जयश्रीताईंच्या दुकानात जाऊन एवढं विचाराल का, हिरकणीचा फॉर्म पाचच्या आत गेला का?